वहिवाट

दिवाळी सरत आली की सोलापूर जिल्ह्यात ऊसतोड सुरू होते आणि पाठोपाठ तहसील कचेऱ्यांत रस्त्याचे दावे येऊ लागतात. बैलगाडी वर्षानुवर्षं ज्या बांधावरून बिनबोभाट जाते, तिथूनच उसाची ट्रॉली न्यायची म्हटली की शेजारी वाटेत काट्या टाकतो. सकाळी विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचा आणि दुपारी असे दावे चालवायचे, यात माझी तीस वर्षं गेली. लोकांना ही दोन टोकं वाटत. मला ती तशी कधी वाटली नाहीत.

मोहोळकडचे एक पक्षकार होते. "गाडीवाट आमच्या आज्यापासनं हाय, वकीलसाहेब," असं ते ठासून सांगत. शेजाऱ्याचं उत्तर तयार होतं : "गाडीला कोण नको म्हणतंय? पण ट्रॉली दरसाल इचारूनच न्यायचे." पक्षकारांना मी विचारलं, तर त्यांनी सरळ मनानं कबूल केलं, की हो, विचारायचो. त्या कबुलीनं ट्रॉलीचा दावा लंगडा झाला. परवानगीनं केलेली ये-जा कितीही वर्षं चालली तरी तिचा हक्क होत नाही. हक्क होतो तो न विचारता, उघडपणे, आपला म्हणून केलेल्या वापराचा.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हाच दावा फळ्यावर मांडला आणि बांधाच्या जागी भारत, गाडीच्या जागी दमणचे नागरिक, ट्रॉलीच्या जागी पोर्तुगीज सैन्य लिहिलं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 12 एप्रिल 1960 रोजी निकाली काढलेला पोर्तुगाल विरुद्ध भारत हा खटला अक्षरशः असाच आहे.

पोर्तुगीजांचं दमण किनाऱ्यावर, त्यांचीच दादरा आणि नगर हवेली आत, आणि मधली जमीन भारताची. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोमंतकीय आणि मराठी स्वयंसेवकांनी ही दोन्ही ठाणी मुक्त केली. संगीतकार सुधीर फडके त्यांच्यात होते. पोर्तुगालला ती परत घ्यायची तर मधल्या जमिनीवरून जायला हवं, आणि भारतानं वाट अडवली. आमची इथून वहिवाट आहे, असं म्हणत पोर्तुगाल हेगला गेला.

पुढे त्या न्यायालयात जे उलगडलं, ते शिकवताना माझा आवाज आजही बदलतो. पोर्तुगालचा पहिला आधार होता पेशव्यांशी 1779 साली झालेला तह आणि त्यानंतरच्या 1783 व 1785 च्या सनदा. बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं पेशव्यांनी दिली, म्हणजे नेमकं काय दिलं? मुलूख दिला, की फक्त वसूल? पुण्याच्या दरबारातला 'सरंजाम' हा शब्द हेगच्या न्यायाधीशांपुढे अर्थासाठी उभा राहिला. न्यायालयानं ठरवलं, की मराठ्यांनी महसूल दिला, सार्वभौमत्व दिलं नाही. सरंजाम म्हणजे वसुलाचा हक्क, मुलखाची मालकी नव्हे, हे ज्याला ठाऊक आहे असा आपल्याकडचा कुणीही हेच म्हणाला असता. पोर्तुगालची सत्ता पुढे इंग्रजांनी मान्य केली, म्हणून ती ग्राह्य धरली गेली.

तहातून वाट मिळाली नाही, तेव्हा उरली वहिवाट. आंतरराष्ट्रीय कायदा मुख्यतः दोन झऱ्यांतून येतो : राष्ट्रांनी एकमेकांशी केलेले करार आणि त्यांच्यात रुळलेली रूढी. त्याला संसद नाही, म्हणून तिथे रूढीचं वजन आपल्या दिवाणी कायद्यापेक्षा कितीतरी अधिक. न्यायालयानं सव्वाशे वर्षांचा व्यवहार तपासला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी, माल हे सगळं मोकळेपणानं येत-जात होतं; सैन्य आणि हत्यारं मात्र दरवेळी विचारूनच. म्हणून माणसांची आणि मालाची वाट हा पोर्तुगालचा हक्क ठरला, सैन्याची नाही. आणि 1954 च्या तणावात भारतानं वाट बंद केली, ती आपल्या नियंत्रणाच्या अधिकारातच, असंही नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरलं. गाडी जाईल, ट्रॉली नाही.

तर्क सारखा. मग फरक कुठे? फरक आहे तो वर कोण बसलंय यात.

तहसीलदाराची नोटीस आली की शेजाऱ्याला हजर व्हावंच लागतं. हेगला राष्ट्र येतं ते स्वतः आधी हो म्हटलं असेल तरच. आपण तो 'हो' ब्रिटिश अमदानीत, 1940 साली म्हणून ठेवलेला होता. 14 डिसेंबर 1955 ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला, 19 तारखेला त्यानं न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि 22 तारखेला आपल्यावर दावा ठोकला. आपण जानेवारी 1956 मध्ये ती मान्यता काढून घेतली. पण दावा दाखल होऊन गेला होता, तो चालला. दुसरा फरक ऐकून विद्यार्थी हमखास चमकतात : ज्या राष्ट्राचा न्यायाधीश त्या पीठावर नाही, त्याला त्या खटल्यापुरता स्वतः निवडलेला न्यायाधीश बसवता येतो. आपण मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांना बसवलं, पोर्तुगालनंही आपला माणूस बसवला. जिल्हा न्यायालयात असं कुणी मागितलं तर? पण सार्वभौम राष्ट्रांना एका छपराखाली आणायचं तर विश्वासाची एवढी किंमत मोजावी लागते, आणि ती योग्य आहे असं माझं मत आहे.

तिसरा फरक मला बोचतो. त्या खटल्यात दादरा आणि नगर हवेलीतल्या वारली, कोकणा, धोडिया माणसांचं नाव पक्षकार म्हणून कुठेच नाही. ज्यांच्या अंगणाचा वाद, ते बाहेर. हेगच्या त्या न्यायालयात आजही वादी-प्रतिवादी राष्ट्रंच असतात. 2019 मध्ये पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधवांच्या बाजूनं निकाल लागला, तोही भारताच्या दाव्यात. त्यांना स्वतःला तिथे अर्ज करता आला नसता.

माणसापर्यंत हा कायदा पोचतो तो बहुधा घरच्या कायद्याच्या दारातून. आपल्याकडे सरकारनं करारावर सही केली म्हणून सोलापूरच्या कोर्टात त्यावर दावा लावता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 253 खाली संसदेनं कायदा करावा लागतो. आपल्या चादरीचंच बघा. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात अशी अट आहे, की जे नाव मायदेशातच संरक्षित नाही, ते जपायला दुसरा देश बांधील नाही. म्हणून 1999 चा भौगोलिक उपदर्शन कायदा आला, 2003 पासून लागू झाला, आणि चेन्नईच्या नोंदवहीत अगदी सुरुवातीच्या नावांमध्ये सोलापुरी चादर लागली. दुसऱ्या राज्यात विणलेल्या चादरीवर 'सोलापुरी' छापणाऱ्याला आज इथल्या कोर्टात खेचता येतं, ते त्या कायद्यामुळे. पण परदेशातल्या दुकानात तीच फसवणूक झाली, तर तिथल्याच कायद्यानं, तिथल्याच कोर्टात भांडावं लागेल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या चादर कारखानदारांना हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण यंत्रमागावर चार पैसे सुटणं मुश्कील असताना परदेशी वकिलाची फी द्यायची कुणी? ही मदत सरकारनं उभी केली पाहिजे, असं मी प्रत्येक व्यासपीठावर म्हणत आलो आहे.

हेगच्या निकालानंतरही दादरा आणि नगर हवेली कुणाची, हा प्रश्न उरलाच होता. न्यायालयापुढे तो नव्हताच. 1954 पासून तिथला कारभार तिथल्याच वरिष्ठ पंचायतीनं चालवला. 1961 मध्ये विलीनीकरणाचा करार करायचा ठरला, तेव्हा पंडित नेहरूंच्या सहीसमोर सही करायला त्या बाजूनंही कुणी प्रमुख हवा होता, के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला त्यासाठी प्रमुख नेमलं गेलं. 11 ऑगस्ट 1961 ला प्रदेश भारतात आला, घटनेची दहावी दुरुस्ती झाली. आपल्या कायद्यापुरतं काम संपलं. पोर्तुगालची मान्यता मात्र लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर, 31 डिसेंबर 1974 च्या करारानं आली.

मोहोळच्या पक्षकारांना मी ही हकिगत एकदा सविस्तर सांगितली होती. ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी सरकारनं बी बांधाचंच भांडण केलं म्हणा की." आणि पुढच्या तारखेला त्यांनी शेजाऱ्याशी ट्रॉलीच्या वाटेचा लेखी करार करून आणला.