रोडगे, आग्रह आणि आठशे मीटर

आमच्या वाशिम जिल्ह्यात हिवाळा स्वेटरने सुरू होत नाही, जेवणाच्या निरोपाने सुरू होतो. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं लागायला लागतात. मग कुणाच्या तरी नवसाचे रोडगे, कुणाच्या मळ्यात हुरडा, घरोघरी डिंकाचे लाडू, संक्रांतीचा तिळगूळ आणि तिथून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. दिवाळीच्या फराळाचा डबा घासून ठेवत नाही तोवर पुढचं ताट समोर येतं. मोजले तर तीन महिने भरतात.

हेच तीन महिने माझ्या सरावाचे असतात. मी पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना ग्राउंडला 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असते. एकूण 50 गुण, त्यातले 20 एकट्या 800 मीटरचे. यात निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेला बसताच येत नाही. या वेळी झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर स्थळं बघायची, असं घरी ठरलं आहे. त्यामुळे वजन हा माझ्यासाठी आरशाचा विषय नाही, घड्याळाचा आहे. पहिल्या फेरीत काही कळत नाही. दुसऱ्या फेरीचे शेवटचे 200 मीटर मात्र सगळं खरं सांगतात.

आता इकडचा आग्रह. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा ताटात कुस्करायचा, त्यावर तूप, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. एक संपायच्या आत दुसरा पडतो. "घे वं माय, एकानं काय होते?" नाही म्हणणं म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान. आणि गंमत बघा, जी मावशी डिसेंबरात जबरदस्तीने वाढते, तीच जानेवारीत हळदीकुंकवाला भेटल्यावर विचारते, "काहून वं, अंगानं भरली का?" तुमच्याही घरात अशी एक मावशी असेलच.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 2000 साली एक अभ्यास छापून आला होता. अमेरिकेतल्या 195 प्रौढांचं वजन सणांच्या आधी आणि नंतर मोजलं. सरासरी वाढ निघाली फक्त 0.37 किलो. वाचून हसू येतं, एवढंच? पण खरी गोष्ट पुढे आहे. ते वजन नंतरच्या महिन्यांतही उतरलं नाही. दर हिवाळ्याला पाव-अर्धा किलो मुक्कामाला आला, तर दहा हिवाळ्यांनी किती होईल, याला कॅल्क्युलेटर लागत नाही.

"मी तर बारीकच आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण आहे. 2004 साली लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा एकत्र फोटो आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपल्याकडे माणूस बारीक दिसतो आणि चरबी पोटात लपून बसते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात. कमरेचा घेरही बघतात, पुरुषांचा 90 आणि बायकांचा 80 सेंटीमीटरच्या आत हवा.

मग आई डिंकाचे लाडू खाते तरी तिचं वजन का वाढत नाही? यासाठी मला संशोधन लागलं नाही. हिवाळ्यात ती सकाळी सातला तूर सोंगायला जाते. संध्याकाळी मोळी घेऊन येते आणि मग स्वयंपाकाला लागते. बाबांचं रात्रीचं ओलीत असतं, लाईट रात्रीची असली की थंडीत उठून गव्हाला पाणी द्यायचं. हे लाडू, हे रोडगे अशा अंगासाठी बनलेले आहेत. मी अभ्यासिकेत आठ तास खुर्चीवर बसते. लाडू तोच आहे, काम बदललं.

साधा हिशोब आहे. एक किलोमीटर धावायला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. माझं वजन 55, म्हणजे किलोमीटरला 55. तूप, खोबरं, गूळ घातलेला मध्यम लाडू दोनशेच्या आसपास जातो. एक लाडू म्हणजे साडेतीन किलोमीटर. हे कळल्यावर लाडू वाईट वाटत नाही, फक्त तो कधी खायचा ते कळतं.

आग्रहावरही मला एक उपाय सापडला. पंगतीत बसणाऱ्याला आग्रह होतो, वाढणाऱ्याला कुणी करत नाही. गेल्या मार्गशीर्षात गावातल्या रोडग्यांना मी सरळ वरणाची बादली उचलली. आमच्याकडे रोडगे भाजणं आणि पंगत वाढणं हे पुरुषांचं काम. एक आजोबा म्हणाले, "पोट्टे मेले का गावातले?" मी त्यांना वरण वाढून पुढे गेले. तीन पंगती वाकून वाढल्या, मांड्या भरून आल्या. शेवटच्या पंगतीत भूक लागेल तेवढं, एक रोडगा आणि भरपूर भाजी खाल्ली. तूप वाढायला कुणी उरलंच नव्हतं. पुढच्या शेतात रोडगे होते तेव्हा माझ्यासोबत आणखी दोघी बादल्या घेऊन होत्या.

आईशीही एक तह झाला आहे. लाडू खायचा, पण सकाळी ग्राउंडवरून आल्यावर. रात्री टीव्हीसमोर नाही. सुरुवातीला तिला वाईट वाटलं. थंडीत लेकीला लाडू मोजून द्यायचा म्हणजे तिच्या दृष्टीने कंजुषीच. मग एक दिवस ती तूर सोंगायला निघताना माझ्याबरोबर मैदानापर्यंत आली. मी धावले तेव्हा माझ्या मोबाईलचं स्टॉपवॉच तिच्या हातात होतं. चुकीचं बटण दाबलं जाईल म्हणून ती दोन्ही हातांनी फोन धरून उभी होती.

आता ती "किती खाल्लं?" असं विचारत नाही. "किती लागला टाइम?" असं विचारते आणि माझं उत्तर ऐकूनच डबा उघडते.