जंजिरा : खाऱ्या पाण्यातले गोडे पाणी

आमच्या चामोर्शीजवळून वाहणारी वैनगंगा पुढे प्राणहिता होते, गोदावरीला मिळते आणि पूर्वेच्या समुद्राला जाते. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मात्र पश्चिमेचा समुद्र पाहायला निघालो. नागपूरहून रेल्वेने मुंबई, गेटवेवरून बोटीने मांडवा आणि तिथून अलिबागमार्गे मुरूड.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटते. आमच्यासह वीसेक माणसे होती. इंजिनाचा आवाज नाही, फक्त वारा. मार्कंड्याला नदीत डोंगा पाहिलेल्या अम्मी पहिल्या लाटेला बिस्मिल्लाह म्हणून काठ धरून बसल्या, नंतर त्याच सर्वांत खूश होत्या. किल्ल्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. बांधणाऱ्यांची हुशारी तिथेच कळते.

अरबीत बेटाला जझीरा म्हणतात, त्याचाच जंजिरा झाला. इथे राज्य करणारे सिद्दी मूळचे हबशाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे. त्या मुलखातून कितीतरी लोक गुलाम म्हणून विकले गेले आणि दख्खनमध्ये आपल्या कर्तबगारीने सरदार झाले. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर त्यांतलाच. जंजिऱ्याचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

तटावर कलालबांगडी तोफ आहे, पडक्या वाड्याच्या भिंती आहेत, मशीद आहे. पण मन थांबले ते गोड्या पाण्याच्या तलावांपाशी. चारही बाजूंना खारे पाणी आणि मधोमध पिण्याजोगे! अल्लाहची कुदरत आणि माणसाची मेहनत, दोन्ही एका जागी.

समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. सिद्दीला आवर घालण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो उभारला. पुढे १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालून जंजिऱ्यापर्यंत वाट करायचा प्रयत्न केला, पण किल्ला हाती आला नाही. परतताना हा इतिहास ऐकून आमच्या सातवीतल्या लेकीने हळूच विचारले, “मग आपण कुणाच्या बाजूचे?”

होडीतले दोघेचौघे आमच्याकडे पाहू लागले. आम्ही आवाज न चोरता सांगितले, “बेटा, महाराजांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता. तो याच सिद्दीशी लढला. ती लढाई दोन सत्तांची होती, दोन धर्मांची नव्हती. हा किल्ला आपला आणि तो समोरचाही आपला.” नावाडी कोळीदादा म्हणाले, “बरोबर सांगितलंत, गुरुजी.” लेक मग दोन्ही किल्ल्यांचे फोटो काढू लागली.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पावसाळ्यात होड्या बंद असतात. होडीतून पायऱ्यांवर उतरताना वडीलधाऱ्यांना दोघांनी हात द्यावा. वेळ असेल तर राजपुरीजवळ खोकरीला सिद्दींचे दगडी मकबरे आहेत, तिथे फातिहा पढून यावे. आणि मुलांना जरूर न्यावे. त्यांच्या मनात असे प्रश्न येतातच. त्यांची उत्तरे घरच्यांकडून मिळालेली बरी.