चित्राखालचे नाव

कलेला जात नसते, प्रांत नसतो, भाषा नसते, हे वाक्य बक्षीस-समारंभांतून आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. वाक्य खोटे नाही. पण ते कलाकृतीविषयी जितके खरे आहे, तितके कलावंताविषयी नाही. चित्र कुणीही काढलेले असो, पाहणाऱ्याला त्याचा आनंद मिळतोच. मात्र ते पाहून ‘हे मलाही जमेल’ असे ज्या मुलाच्या मनात यावयाचे, त्याची नजर चित्राखालच्या नावावरही जाते. आपले गाव, आपली बोली, आपल्यासारखे आडनाव तेथे कोठे दिसते का, हे ते मूल नकळत शोधीत असते. न दिसले तर ते काही बोलत नाही. हे काम आपल्यासारख्यांचे नव्हे, अशी मनाशी खूणगाठ मात्र बांधते.

आमचे खकनार हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. एका अंगाला मेळघाटचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खानदेश-वऱ्हाडची शीव. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत आमचा निमाड आणि विदर्भ एकाच राज्यात नांदत होते आणि राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, शाळा-कचेरीत हिंदी, असा आमचा संसार तेव्हापासून चालला आहे. त्यात घरची मराठीही पुस्तकातली नव्हे. तिला खानदेश-वऱ्हाडचे वळण. पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा तिला हसतो आणि हिंदी बोलणाऱ्याला ती कळत नाही. अशा घरातल्या मुलाने लेखक व्हावयाचे तरी कोणत्या भाषेत?

आमच्या पिढीपुरते या प्रश्नाचे उत्तर एका निरक्षर बाईने दिले. बुऱ्हाणपूरहून रेल्वेने भुसावळ ओलांडले की जळगाव येते. तेथून जवळच असोदे हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. १९५१ साली त्या निवर्तल्या. मुलगा सोपानदेव याने जपून ठेवलेल्या त्यांच्या ओव्या आचार्य अत्र्यांच्या प्रयत्नाने १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. महाराष्ट्राला त्यांत एक थोर कवयित्री सापडली. आम्हांला आणखी काही सापडले. आमची आजी ज्या शब्दांनी जात्याशी आणि चुलीशी बोलत असे, ते शब्द छापलेले होते आणि विद्वान लोक त्यांचा अर्थ लावीत बसले होते! खेडवळ म्हणून ज्या बोलीला आम्ही पाहुण्यांपुढे आवरून धरीत होतो, तीच आता अभ्यासक्रमात होती. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे.

पुढे मराठीत असे पुन्हापुन्हा घडले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. ज्यांच्याविषयी इतर लोक दयेने किंवा तिरस्काराने लिहीत, ते स्वतः लिहू लागले. जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०१३ साली आपल्या पहिल्या मोठ्या चित्रपटाला ‘फँड्री’ हे कैकाडी बोलीतले नाव दिले, तेव्हा तो शब्द प्रथमच ऐकणारे लाखो होते. आपल्या घरातला शब्द चित्रपटगृहाच्या फलकावर पाहणारी मुलेही असतील. त्या मुलांना त्या दिवशी काय वाटले असेल, हे बहिणाबाईंच्या अनुभवावरून आम्ही ताडू शकतो.

हे झाले आपले. पण खकनारमध्ये राहून एवढ्यावर थांबता येत नाही. आमच्या पंचक्रोशीत कोरकू समाजाची वस्ती मोठी आहे. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे मराठी-हिंदीहून पार निराळी. मृतांच्या स्मरणार्थ हे लोक सागवानी फळ्या कोरून उभारतात. कोरकूंविषयी लेखन पुष्कळ झाले आहे. ऑस्ट्रियाहून आलेले अभ्यासक धर्मगुरू स्टीफन फुक्स यांनी त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. असे ग्रंथ मोलाचेच. परंतु वर्णन केले जाणे आणि स्वतः वर्णन करणे यांत केवढे अंतर आहे! आमच्याच जिल्ह्यातील नेपानगरला १९५६ पासून वर्तमानपत्राचा कागद तयार होऊ लागला. देशभरच्या बातम्या त्या कागदावर छापल्या गेल्या. भोवतालच्या डोंगरातल्या माणसाची सही मात्र त्यावर क्वचितच उमटली.

आमच्या ओसरीवर संध्याकाळी चार-सहा मुले पुस्तके चाळावयास येतात. त्यांत नववीतली एक कोरकू मुलगी आहे. पाठकोऱ्या कागदांवर ती मोहाची झाडे, कोंबड्या, हापशावरच्या बायका काढते. कागद कोठेही टाकून निघून जाते. एकदा तिला आम्ही भूरीबाईंची चित्रे दाखविली. चित्रे पाहून तिने मान डोलावली, एवढेच. पण ही बाई झाबुआकडची भिल्ल आहे, भोपाळला भारत भवनाचे बांधकाम चालू असताना तेथे मजुरीला होती, हिंदीही तिला बोलता येत नव्हते, असे सांगताच ती सरसावून बसली. “सरजी, तो बैठ के चित्र बनाने की मजूरी मिलती है?” हा तिचा पहिला प्रश्न. मिळते, असे आम्ही सांगितले. जगदीश स्वामिनाथन यांनी त्या बाईला चित्र काढावयास बसविले आणि २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली, हेही सांगितले. मुलीला पद्मश्रीचे फारसे काही वाटले नाही. मजुरीचे वाटले. तिच्या घरची माणसे दिवाळीनंतर कामाला बाहेरगावी जातात. यंदा ती त्यांच्याबरोबर जाणार की आजीजवळ राहून शाळा चालू ठेवणार, हे अजून ठरावयाचे आहे.

थोर चित्रकारांची चरित्रे आम्ही या मुलांना पूर्वीही सांगितली होती. ती त्यांनी गोष्ट म्हणून ऐकली. भूरीबाईंचे चरित्र या मुलीने बातमी म्हणून ऐकले.

एका नावाने किती फरक पडतो, ते पाटणगढला दिसते. या गावचे परधान गोंड जनगढसिंह श्याम यांची भिंतीवरची चित्रे १९८१ च्या सुमारास भारत भवनाच्या शोधपथकाच्या दृष्टीस पडली. ते भोपाळला आले, तेथील विधानभवनाच्या भिंती त्यांनी रंगविल्या, परदेशांत त्यांची चित्रे गेली. २००१ साली घरापासून दूर, जपानात, त्यांचा करुण अंत झाला. पण तोवर त्यांच्या मागे माणसे उभी राहिली होती. पुतणे भज्जू श्याम भोपाळात मिळेल ते काम करीत होते. काकांनी त्यांच्या हाती कुंचला दिला, आणि २०१८ साली तेही पद्मश्री झाले. त्याच गोतावळ्यातील दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी ‘भीमायन’ या पुस्तकासाठी बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र चित्रांत उभे केले.

यावर कुणी म्हणेल की स्वामिनाथन काही गोंड नव्हते, भिल्लही नव्हते; पारखी नजर असली की पुरे. आक्षेप रास्त आहे. पहिल्या माणसासाठी दार बहुधा बाहेरचाच कुणी उघडतो, आणि त्याचे ऋण मानलेच पाहिजे. पण पारखी माणूस एकाला शोधतो. त्या एकाला पाहून पुढचे दहाजण स्वतःच वाट शोधीत येतात. दुसरा धोका शिक्क्याचा. ‘आदिवासी चित्रकार’ म्हटले की हरणे आणि मोरच मागावयाचे, ही आपली खोड आहे. बाबासाहेबांचे चरित्र रंगवून व्याम दांपत्याने तिला परस्पर उत्तर दिले आहे. आपल्या माणसाचे नाव दिसल्याने मुलाला आत येण्याचा धीर येतो. आत आल्यावर काय रंगवावे, हे त्याचे त्याने ठरवावे.

वाचकहो, परप्रांतात राहून आपण आपली मासिके, गणेशोत्सव, नाट्यस्पर्धा टिकविल्या, त्या कशासाठी? आपल्या मुलांना आपली नावे कोठेतरी छापलेली दिसावीत, हेही त्यामागे होतेच. ही भूक काय असते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शेजाऱ्याची भूक ओळखणे अवघड जाऊ नये. गणेशोत्सवातल्या चित्रकलेच्या स्पर्धेचे आमंत्रण कोरकू पाड्यांवरही जावे. परीक्षकांच्या खुर्चीवर कधी त्यांच्यातला जाणता बसावा. त्यांच्या मुलांची चित्रे भिंतीवर लावाल तेव्हा ‘एक आदिवासी बालक’ असे लिहू नका. मुलाचे पूर्ण नाव लिहा, गावही लिहा, आणि दोन्हीही त्यालाच विचारून अचूक लिहा.