पाटणचा एक दिवस

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये असतो. गेल्या कार्तिकात त्याने घरी कळविले की, सुटीचा एक अख्खा दिवस त्याने सावकाश जेवण करण्यात आणि जुनी प्रार्थनामंदिरे पाहण्यात घालविला. शार्त्र या गावी ११९४ सालच्या आगीनंतर नव्याने उभारलेले मोठे चर्च आहे. ते पाहून तो फारच हरखला होता. पत्र वाचून झाल्यावर आमच्या कुटुंबाने सहज विचारले, "आपल्या खानदेशात असे काहीच नाही का हो?"

प्रश्न साधा होता, पण आम्ही ओशाळलो. तीस वर्षे आम्ही वर्गात लीलावतीतील भुंग्यांची आणि हंसांची उदाहरणे मुलांकडून सोडवून घेतली. भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख पाटणला आहे, हेही प्रतिवर्षी न चुकता सांगितले. प्रत्यक्ष पाटणला मात्र आमचे पाऊल कधी पडले नव्हते.

धुळ्यास आमच्या धाकट्या बंधूंना पत्र टाकले. याला थोडे धैर्य लागले. वडिलांच्या पोथ्यांचे गाठोडे धुळ्याच्या घरी आहे. त्यास कसर लागू लागली, म्हणून ते राजवाडे संशोधन मंडळाच्या स्वाधीन करावे, असे बंधूंनी दोन वर्षांपूर्वी सुचविले होते. "वडिलांची विद्या म्हणजे घरातली अडगळ नव्हे," असे आम्ही त्यावर खरमरीत उत्तर धाडले. तेव्हापासून सणावारी खुशाली कळविण्यापलीकडे उभयतांत बोलणे नव्हते. चाळीसगाव आम्हां दोघांसही सोयीचे. ते १९०० साली सुरू झालेल्या धुळ्याच्या फाट्यावरील गाडीने आले, आम्ही जळगावाहून मुख्य मार्गाने. स्थानकावर त्यांनी वाकून नमस्कार केला. दोघांनाही पुढे काय बोलावे ते सुचेना. वहिनींनी डबे कोणी किती आणले याची चौकशी आरंभिली, म्हणून निभावले.

चाळीसगावाहून पाटण सुमारे १८ किलोमीटर. अजिंठ्याच्या डोंगररांगेने तिन्ही बाजूंनी कवेत घेतल्यासारखी ती जागा आहे. देवीच्या अलीकडे महादेवाचे काळ्या दगडाचे देऊळ लागते. सोबतचा मोटारवाला त्यास हेमाडपंती म्हणाला. आमच्यातला मास्तर स्वस्थ बसेना. हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आणि येथील लेख शके १०७५ चा, म्हणजे ११५३ सालचा! निकुंभ कुळातील इंद्रराजाने देऊळ आरंभिले. तो निवर्तल्यावर राणी श्रीदेवीने मुलगा लहान असता राज्य सांभाळले आणि काम तडीस नेले. मोटारवाल्याने हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि "पण देऊळ हेमाडपंतीच," असे म्हणून तंबाखू मळावयास घेतली.

अरण्यात जाळ करण्यास मनाई. तेव्हा भरीत घरूनच करून नेले होते. वांगी बामणोदची, हिरवी, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली. हिरव्या मिरच्या, शेंगदाणे आणि कोथिंबीर घालून लाकडी बडगीत ठेचलेले ते भरीत, कळण्याची भाकरी आणि वर दही. देवदर्शन व्हावयाचे म्हणून कांद्याची पात निराळ्या डब्यात होती. वहिनींनी तो डबा दुपारपर्यंत कोणास हात लावू दिला नाही. आम्ही दोघे बंधू लहानपणी एका ताटात भरीत खात असू, आणि करपलेला भाग कोणाचा यावरून भांडत असू. आज बंधूंनी तो न विचारता आमच्या पानावर सारला.

मग आम्ही देवीच्या देवळात गेलो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रसिद्धीस आणलेला लेख तो हाच. वाचनासाठी आम्ही छापील पाठ हाती ठेवला होता. आरंभी संस्कृत श्लोकांत वंशावळ : त्रिविक्रमापासून महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव. (तापीतीरीचा योगी चांगदेव तो निराळा, मुले नेहमी घोटाळा करीत.) या चांगदेवाने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला, आणि शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ साली, निकुंभ सोइदेवाने त्यास दान दिले. तिकडे शार्त्रचे काम तेव्हा चालूच होते.

वंशावळ आम्ही मोठ्याने वाचली. बंधू म्हणाले, "दादा, शेवटही वाचा ना." शेवटच्या ओळी मराठीत आहेत. त्या आम्ही वर्गात कधीच वाचल्या नव्हत्या. त्यात काव्य नाही. पेठेत जो माल विकेल त्यावरील ग्राहकाकडून राजास मिळणारे उत्पन्न मठास द्यावे, प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, अशा त्या नेमणुका. दुकानदाराला आणि तेल्याला कळावे, म्हणून त्यांच्या भाषेत.

"नातू केवढा मोठा," बंधू हळूच म्हणाले, "पण तेलाची सोय त्याने आधी केली."

आम्ही गप्प राहिलो. आज तेथे मठ नाही, पेठही नाही. वानरे आणि पाण्याचा आवाज एवढेच आहे. आमचा नातू हुशार आहे, पण देवनागरी पोथी त्याला जुळवून जुळवून वाचावी लागते.

उतरताना कांद्याची पात निघाली. ती खाता खाता आम्ही विचारले, "कसर कितपत लागली आहे?"

"कडांना. अक्षरांपर्यंत अजून पोचलेली नाही."

"मंडळात ठेवण्यास दे," आम्ही म्हणालो. "लीलावतीची तेवढी प्रत आम्हांस दे. तिच्या समासात वडिलांनी घरखर्चाचे हिशेब मांडले आहेत. ते मंडळाच्या काय उपयोगाचे?"

बंधू हसले. "दादा, त्यात तेलाचा भावही लिहिलेला आहे. मंडळास तोच अधिक हवा असेल."

यावर काय ठरवावे, हे अद्याप ठरलेले नाही. पौषात गाठोडे सोडण्यासाठी आम्ही धुळ्यास जाणार आहोत. भरिताची वांगी आम्ही न्यावयाची आहेत.