वाकडं का होईना, अंगण होतं

मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या आमच्या पिढीला नाचायला शिकवलं ते गणपतीच्या मांडवाने. ऐंशीच्या दशकातलं मुलुंड पूर्व डोळ्यांसमोर आणा. नवघर रोडपासून मिठागर रोडपर्यंत तीन-चार मजली इमारती, अधूनमधून बैठ्या चाळी, आणि दोन इमारतींच्या मध्ये ऐसपैस अंगण. गणपतीच्या दिवसांत त्या अंगणात एक संध्याकाळ पाककृतींची, एक संगीत खुर्चीची, एक वेशभूषेची आणि सगळ्यांत मोठी विविध गुणदर्शनाची. त्या संध्याकाळी एक बालनाट्य आणि मग ओळीने रेकॉर्ड डान्स. आमच्यासाठी संगीत नाटक म्हणजे तेच.

स्टेज आम्हीच बांधायचो. शिकवणी घेणाऱ्या सरांकडून बाकं यायची, त्यांवर मांडववाल्याच्या फळ्या, फळ्या सुतळीने आवळायच्या आणि वर सतरंजी अंथरायची. मधली एक फळी नेहमी खचलेली असे. ती कुठे आहे हे नाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायचं आणि सगळे नाच ती फळी चुकवूनच बसवले जायचे. पडद्याला कुणाच्या तरी आईच्या दोन साड्या. पडदा ओढणारा मुलगा त्या संध्याकाळी नायकापेक्षा मोठा.

त्याहून मोठं काम गाण्याच्या कॅसेटचं. गाणी असायची 'कुर्बानी'ची, 'डिस्को डान्सर'ची, आणि एक कोळीनृत्य हवंच. गाण्यातलं मधलं संगीत लांबलं की कापावं लागे. त्यासाठी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे, खोलीचं दार लावायचं, पंखा बंद करायचा आणि श्वास रोखून बसायचं. एका वर्षी नेमकी त्याच वेळी शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि कॅसेटमध्ये उमटली. दुसरी कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते. मग त्या शिट्टीवरच एक गिरकी बसवली. कार्यक्रमात नेमक्या त्या गिरकीला वन्समोअर मिळाला, आणि पुढे किती तरी दिवस कुणाच्याही घरात शिट्टी झाली की जिन्यातली पोरं गिरकी घ्यायची.

हे सगळं आठवताना दुसरी बाजूही तितकीच लख्ख आठवते. मुलगा आणि मुलगी जोडीने नाचणार, हे चालायचं नाही. म्हणून नायकही मुलगीच व्हायची. भावाची पँट, वडिलांचा शर्ट, काजळाने काढलेली मिशी. मीही अशी पुष्कळदा नायक झाले. नववीत गेले तेव्हा आई म्हणाली, "आता तू बसव. नाचू नकोस." तिने ते प्रेमानेच सांगितलं, आणि इमारतीतल्या प्रत्येक आईने आपल्या मुलीला कधी ना कधी तेच सांगितलेलं असे. माझ्याबरोबरच्या मुलांना मात्र कुणी असं काही सांगितलं नाही. पुढे काही वर्षं मी साड्यांच्या पडद्याआडून धाकट्यांना पावलं मोजून देत राहिले. पाय थांबत नसत, हे मात्र कुणाला सांगायची सोय नव्हती.

१९८४ सालचा 'फूटलूज' हा अमेरिकन चित्रपट मी फार उशिरा पाहिला. १९९८ मध्ये त्याचं ब्रॉडवेवर संगीत नाटकही झालं. शिकागोहून एका लहान गावात आलेला मुलगा, गावात नाचाला बंदी, आणि वर्गातल्या मुलांना नाचता यावं म्हणून थेट नगर परिषदेपुढे उभा राहणारा तो. गोष्ट काल्पनिक असली तरी तिचं बीज खरं आहे. ओक्लाहोमातल्या एल्मोर सिटी नावाच्या गावात एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली नाचबंदी तिथल्या शाळकरी मुलांनी १९८० साली उठवून घेतली. पाहताना मला सारखं मुलुंड आठवत होतं. आमच्याकडे कायद्याने बंदी नव्हती, 'लोक काय म्हणतील' तेवढं पुरेसं होतं. आणि तरीही नाचायला जागा होती. आज हे नेमकं उलटं झालंय. घरची परवानगी मिळाली, पण जागा गेली.

नवरात्रात तर जागेची चैन होती. पूर्वेला, आमच्या बाजूला, भोंडला. पाटावर हत्ती, भोवती फेर आणि मग खिरापत ओळखण्याचा गलका. तो आटोपला की मैत्रिणीचा घागरा अंगावर चढवून आम्ही रेल्वेचा पूल ओलांडायचो. पश्चिमेला गुजराती आणि कच्छी वस्ती, दर सोसायटीच्या आवारात मधोमध गरबा आणि भोवती दोन-दोन, तीन-तीन रिंगणं. कुणाची कोण, हे कुणी विचारत नसे. ताल चुकला तर शेजारची अनोळखी काकू हात धरून रांगेत घ्यायची. पास ही वस्तू तेव्हा रेल्वेचीच माहीत होती.

पुढे बदल झाले, आणि त्यातले काही व्हायलाच हवे होते. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरची लाउडस्पीकरवरची बंदी पक्की केली. वर्षातले फार तर पंधरा दिवस राज्य सरकार ती मध्यरात्रीपर्यंत सैल करू शकतं. आजारी माणसाच्या उशाशी ज्याने रात्र काढली आहे, तो या नियमाला नावं ठेवणार नाही. गरबा मोठ्या मैदानांकडे गेला. गोरेगावचं नेस्को, बोरिवलीचं कोरा केंद्र, आणि जिथे फाल्गुनी पाठक गायला उभ्या राहिल्या की गर्दी लोटते ते प्रमोद महाजन क्रीडा संकुल. तिथला सूर पक्का, रोषणाई डोळे दिपवणारी. पण दाराशी तिकीट आहे, आणि चार बहिणींच्या घरात चार तिकिटं हा विचार करण्याजोगा खर्च आहे.

मुलांचा नाच मात्र कुठच्या कुठे गेला, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचला. त्याच वर्षी 'बूगी वूगी' टीव्हीवर सुरू झालं आणि आपल्यासारखीच मुलं तिथे दिसू लागली. वसई-नालासोपाऱ्याच्या पोरांचा 'किंग्ज' हा संघ २०१९ मध्ये अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' स्पर्धा जिंकला. पुढच्याच वर्षी आपल्याच मुंबईच्या वस्त्यांमधल्या 'व्ही अनबीटेबल'ने 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'ची चॅम्पियन्स स्पर्धा मारली. माझी भाची हिप-हॉप शिकते. ती नववीत गेली तेव्हा तिच्या वडिलांनी तिला गुडघ्याला बांधायचे पॅड आणून दिले. आमच्या आयांनी हे पाहायला हवं होतं.

पण ती सराव कुठे करते? आमची जुनी इमारत पुनर्विकासात गेली. तिथे टॉवर आहे, पोडियम आहे, आणि पोडियमवर एकावर एक रचलेल्या गाड्या. भाचीचा ग्रुप एका बंद शोरूमच्या काचेसमोर स्वतःला बघत नाचतो. पहारेकरी उठवतो, मग बागेत जातात. बाग बंद झाली की फूटपाथ. वर्सोव्याच्या आरामनगरात तासावर हॉल मिळतात, पण ते भाडं शाळकरी मुलांनी कुठून आणायचं? ज्यांचे आईवडील क्लासची फी भरू शकतात, त्यांचं कसंतरी भागतं. आमच्या अंगणात मात्र रद्दीवाल्याचा मुलगा आणि बँक मॅनेजरची मुलगी एकच खचलेली फळी चुकवत नाचत होती. गेलं ते हे. सतरंजी आणि कॅसेट गेल्याचं मला दुःख नाही.

म्हणून पुनर्विकासाच्या बैठकांना जाणाऱ्या माझ्या वयाच्या सगळ्यांना एक विनंती आहे. गाड्यांच्या जागा मोजता तशी मुलांची जागाही नकाशावर मागून घ्या. मोठी नको, वीस पोरं हात पसरून उभी राहतील एवढी पुरे. इमारत आधीच उभी असेल, तर गच्चीची किल्ली आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांच्या हाती द्या आणि वॉचमनच्या, झाडूवाल्या मावशींच्या मुलांनाही वर येऊ द्या. रात्री दहाचा नियम पाळूनही सात ते दहा असे तीन तास उरतात. आमचं अख्खं विविध गुणदर्शन तेवढ्यात बसायचं, अगदी वन्समोअरसकट.