कुठले म्हणायचे तुम्ही?

अनोळखी माणसाची ओळख पटवून घेणं ही आपल्याकडे पूर्वी एक कला होती आणि ती घरोघरच्या आज्यांना उपजतच येत असे. दारात कुणी उभं राहिलं की आजी आधी त्याला तांब्याभर पाणी देई आणि त्यानं तांब्या तोंडाला लावला न लावला तोच पहिला प्रश्न टाकी, "कुठले म्हणायचे तुम्ही?" तो "पुण्याचे" म्हणाला की दुसरा प्रश्न, "ते झालं. मूळचे कुठले?" मग आजोळ कुठलं, मामांचं आडनाव काय, बहीण कुठं दिली, अशी पायरीपायरीनं चौकशी होई आणि पाचव्या मिनिटाला तो इसम आमच्या मावशीच्या नणंदेच्या चुलतजावेचा भाचा निघे. निघालाच नाही, तर त्या बिचाऱ्याला स्वतःची नाती धड ठाऊक नाहीत, असा निकाल देऊन आजी पोहे टाकायला आत जाई. या तपासात फोटो नव्हता, अंगठ्याचा ठसा नव्हता, आधार कार्ड तर नव्हतंच नव्हतं. तरी आमच्या घरात कधी तोतया शिरल्याचं ऐकिवात नाही.

आता माणूस दारात येत नाही, मोबाइलात येतो. २००४ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या पोरांनी फेसबुक काढलं, ते फिरत फिरत आमच्या पेठेत पोहोचलं आणि तेव्हापासून रोज कुणी ना कुणी आमच्याशी मैत्री करायला उत्सुक असतं. पंचावन्न वर्षं शेजारी राहून ज्यांनी कधी वाटीभर साखर दिली नाही, त्यांनासुद्धा! अशा माणसाला पाणी देता येत नाही आणि "मूळचे कुठले?" असं विचारताही येत नाही. समोर एक नाव असतं, एक चित्र असतं. बाकी सगळा कारभार अंदाजपंचे.

बरं, चित्रावरून ओळखावं म्हटलं तर चित्र त्या माणसाचं असतंच असं नाही. कुणी गुलाबाचं फूल लावतो, कुणी उगवता सूर्य, कुणी पांडुरंग. साक्षात पांडुरंगाची मैत्रीची विनंती नाकारायची म्हणजे हात थरथरतो. एकदा सहा महिन्यांचं एक गुटगुटीत बाळ माझ्याशी मैत्री करायला आलं. खाली लिहिलं होतं, "वीज मंडळातून निवृत्त." काही जण नऊ जणांचा समूहफोटो लावतात. त्यात आपला स्नेही उभ्यांपैकी की बसलेल्यांपैकी, हे ज्याचं त्यानं ताडायचं. नावांचं म्हणाल तर फेसबुकचा नियम असा आहे की, रोजच्या व्यवहारात लोक ज्या नावानं तुम्हाला ओळखतात तेच नाव लिहावं. हा नियम पाळूनच कुणी 'एकटा जीव', कुणी 'माउलीकृपा' झालेला असतो. व्यवहारात लोक त्यांना खरोखरच तशी हाक मारत असतील, तर आपण बोलणारे कोण? त्यात २०२० साली फेसबुकनं खास आपल्या देशातल्या मंडळींसाठी प्रोफाइलला कुलूप घालायची सोय केली. अनोळखी माणसाला चित्रसुद्धा मोठं करून पाहता येणार नाही. म्हणजे पाहुणा दारात तर उभा आहे, पण डोक्यावरून घोंगडी घेऊन.

तसा हा पेच आपल्याला नवा नाही. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले. पण ते परत येतील या आशेवर माणसं राहिली आणि पुढं "मीच तो भाऊ" म्हणत एक तोतया उभा राहिला. रत्नागिरीच्या किल्ल्यातल्या बंदीतून सुटून त्यानं कोकणात फौजच जमवली. अखेर पकडला गेला, पुण्यात चौकशी झाली आणि १७७६ साली त्याला देहदंड मिळाला. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. त्या गृहस्थाला प्रोफाइलला कुलूप घालायची सोय मिळाली असती, तर नाना फडणविसांचं काही खरं नव्हतं.

पण याच महाराष्ट्रात १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचं पुस्तक आलं आणि त्यावर नाव होतं विभावरी शिरूरकर. शिकलेल्या मुलींच्या मनातलं असं उघड लिहिलेलं पाहून खळबळ उडाली. ही बाई कोण? बाईच आहे, की बाईच्या नावाआडून लिहिणारा कुणी बुवा? पुष्कळांची झोप उडाली. नावामागे होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. आता पाहा, तोतयानं दुसऱ्याचं नाव घेतलं ते काहीतरी घ्यायचं होतं म्हणून आणि बाळूताईंनी स्वतःचं नाव झाकलं ते काहीतरी सांगायचं होतं म्हणून. तेव्हा नाव झाकणारा प्रत्येक जण चोरच, असं धरून चालायचं कारण नाही. हा भेद आमच्या घरात कुणी ओळखला असेल, तर तो आमच्या सौभाग्यवतींनी.

झालं असं की, गेल्या श्रावणात सौ.ला एक मैत्रीची विनंती आली. नाव, 'अबोली अबोली'. फेसबुक नाव आणि आडनाव दोन्ही मागतं, म्हणून एकच दोनदा लिहिलेलं. चित्र अबोलीच्या वेणीचं. वर पसरट जागेत एक रांगोळी. दोघींची सामाईक ओळख शून्य. वर कुलूप.

लगेच घरात तपासपथक बसलं. चिरंजीव संगणकातले. त्यांनी पडद्याचा फोटो काढून तो गूगलला दाखवला. हल्ली चित्र दाखवलं की ते आणखी कुठं कुठं लावलंय हे गूगल शोधून काढतं. लबाड मंडळी दुसऱ्याचा फोटो चोरतात, ते अशानं उघडकीला येतं. गूगलनं बराच विचार केला आणि सांगितलं की, ही रांगोळी आहे. एवढं तर आमच्या कामवाल्या मावशींनीही सांगितलं असतं, तेही इंटरनेटशिवाय.

मग शेजारचे निवृत्त फौजदार आले. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल हातभर लांब धरला आणि म्हणाले, "वहिनी, हात लावू नका. आधी फूल येतं, मग गुड मॉर्निंग येतं, मग भाचा इस्पितळात असतो." त्यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड तोंडपाठ म्हणून दाखवलं. संगणकाच्या आडून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० हा क्रमांक फिरवायचा, हेही बजावलं. सल्ला सोळा आणे खरा होता. हल्ली तर चेहरा आणि आवाजसुद्धा यंत्रावर बनवतात; व्हिडिओवर दिसला म्हणून माणूस तोच, असंही उरलेलं नाही. चहा पिऊन फौजदार गेले.

सौ. मात्र काही बोलत नव्हती. तिनं वाचायचा चष्मा घातला, त्यावर माझा चढवला आणि बोटभर रांगोळीकडे बघत बसली. कणीक तशीच परातीत. मग हळूच म्हणाली, "याचा मोर उजवीकडे बघतोय."

"मग?"

"उजव्या हातानं काढणाऱ्यांचे मोर बहुतेक डावीकडे बघतात. तुम्ही काढून बघा." मी कागदावर काढून पाहिला. तो मोर होता की सुरई, यावर मतभेद झाले. पण जे काही होतं ते डावीकडेच बघत होतं. "ही रांगोळी डावऱ्या हाताची आहे," सौ. म्हणाली, "आणि मानेपाशी एक ठिपका सोडलाय. तो ती मुद्दाम सोडायची. म्हणायची, मोराला श्वास घ्यायला जागा."

'ती' म्हणजे कोण, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. कराडजवळच्या शाळेत सौ.च्या बाकावर बसणारी एक मुलगी. वर्ग तिला 'डावरी' म्हणायचा. डाव्या हातानं लिहिते म्हणून मास्तर तिच्या बोटांवर छडी मारत. १९७६च्या मार्चात दोघी दहावीला बसायच्या होत्या. पण दिवाळीच्या सुट्टीत डावरी गेली ती गेलीच. लग्न लागलं होतं. सौ.नं खटपटीनं सासरचा पत्ता मिळवून एक कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. पुढं शोधायचं कसं? आपल्याकडे मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नावही संपतं. मुलगी जशीच्या तशी असते, फक्त तिला शोधायला लागणारं सगळं पुसलेलं असतं. चाळीस-पन्नास वर्षं सौ. लग्नकार्यात, एस.टी.त, दवाखान्यात डाव्या हातानं सही करणारी बाई दिसली की थबकायची. ती जिवंत असेल का, हा प्रश्न ती मोठ्यानं विचारत नसे.

चिरंजीव म्हणाले, "आई, तरी एकदम हो म्हणू नकोस." सौ. म्हणाली, "मी काय खुळी आहे?" बँका ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारतात. सौ.नं त्याहून पक्कं काढलं. एकच ओळ पाठवली, "शाळेमागच्या विहिरीत काय आहे?"

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं : "मास्तरांची छडी. तू टाकलीस. मी नुसता पहारा दिला."

सौ. देवघरात जाऊन बसली. कणकेचं पुढं काय झालं, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी फोन झाला. डावरी बडोद्याला असते. कार्ड तिला मिळालं होतं. "सगळ्यांनी वाचून तारेला अडकवलं होतं. उत्तराला कार्ड मागायचं कुणाकडे? मग मी ते तारेवरून काढून ट्रंकेत ठेवलं. अजून आहे." सौ.चा पत्ता तिनं काढला तो आमच्या मेव्हण्यांवरून. पुरुषांचं नाव जन्मभर तेच, त्यामुळे ते तत्काळ सापडले आणि त्यांच्या भाऊबिजेच्या फोटोत ताईही सापडली. "केस पांढरे झालेत, पण फोटोला मान तशीच तिरकी करतेस." मेव्हण्यांनाही तिनं विनंती पाठवली होती, पण ते बँकेत होते, त्यांनी ती सही जुळत नाही अशा थाटात परत केली. म्हणून सामाईक ओळख शून्य.

"अगं, पण स्वतःचं नाव का नाही घातलंस?" सौ.नं विचारलं.

"सासरचं घातलं तर तू ओळखणार नाहीस. माहेरचं घातलं तर नातवंडं विचारणार, ही कोण? म्हणून फुलाचं घातलं."

आता रोज दुपारी दोन ते चार आमच्या घरी चहा होत नाही. फौजदारांना हे कळलं तेव्हा त्यांनी "पैसे तर नाही ना मागितले?" एवढंच विचारलं. डावरीनं खरंच काही मागितलं असेल, तर ते मी ऐकलं आहे : दहावीच्या पुस्तकातले उरलेले धडे. पुस्तक आता सौ.कडेही नाही, पण आठवेल तसे ती सांगते.

परवा मी सौ.ला सहज विचारलं, "मी नाव न घालता, फोटो न लावता आलो, तर मला कशावरून ओळखशील?"

ती क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, "अर्धा तास तुम्ही काहीतरी लिहिताय असं दिसत राहील आणि शेवटी येईल नुसतं 'बरं'."

मी म्हणालो, "बरं."