कट्यार आणि सक्तीची सुरी

हा धागा कट्यारीविषयी आहे. परंतु आरंभ एका नियमापासून करावा लागेल.

जुन्या सुऱ्या-कट्यारी जमविणाऱ्यांच्या एका मंडळाचा मी चार वर्षे सभासद आहे. वर्गणी आहेच. त्याखेरीज मंडळ दरवर्षी कारखान्यातून एक ‘स्मृती-सुरी’ घडवून घेते आणि ती विकत घेणे प्रत्येकास बंधनकारक असते. लागोपाठ दोन वर्षे घेतली नाही, तर सभासदत्व संपते. त्याबरोबर मंडळाने जमविलेली जुन्या शस्त्रांची छायाचित्रे पाहण्याची मुभाही जाते. माझ्या कपाटात अशा चार सुऱ्या आहेत. एकीनेही अद्याप लिंबू कापलेले नाही.

कारखाना थोड्या नगांचे काम घेत नाही, हे मंडळाचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्या छायाचित्रांत काय आहे, ते पाहा.

कट्यारीची मूठ आडव्या दांड्यांची असते. ती मुठीत धरली की पाते थेट हाताच्या रेषेत येते आणि भोसकताना साऱ्या बाहूचे बळ टोकाशी एकवटते. दक्षिणेतील कित्येक कट्यारींची मूठ इथली, पण पाते युरोपातून आलेले. असे पाते बसविलेल्या तलवारीला आपण ‘फिरंग’ म्हणतो. कट्यारीसाठी तशाच पात्याचा तुकडा मुठीच्या पुढील पट्ट्यांमध्ये खिळ्यांनी जडवीत. त्यामुळे नुसत्या पात्यावरून कट्यारीचे गाव ठरविता येत नाही. मूठ, जोड, खिळे, सारेच न्याहाळावे लागते.

तंजावरच्या शस्त्रागारात अशी शस्त्रे मोठ्या संख्येने होती. नायकांच्या काळातील ती शस्त्रे पुढे भोसले घराण्याकडे आली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. पुढे शस्त्रागारही मोडले. निवडक वस्तू मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेल्या. उरलेल्यांपैकी पुष्कळशा तोडून जुने लोखंड म्हणून विकल्या गेल्या. वॉलहाउस या मुलकी अधिकाऱ्याने १८७८ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त या शस्त्रागारावर लेख लिहिला. वाचताना पोटात कालवते. ज्या जोडांवरून कारागिरांचा माग लागला असता, ते भट्टीत गेले.

म्हणूनच उरलेल्या कट्यारींची छायाचित्रे मोलाची. आमच्यातील एक विद्यार्थी दोन वर्षे त्यांतील खिळ्यांच्या जागांची मोजमापे टिपत होता. मंडळात त्याच्याइतके बारकाईने कोणी पाहत नसे, मीही नाही. स्मृती-सुरीची किंमत त्याच्या दोन महिन्यांच्या खानावळीइतकी होती. नियमाप्रमाणे त्याचे नाव वगळले गेले. वही अर्धी राहिली. ज्यांनी ती छायाचित्रे एकदाही उघडली नाहीत, त्यांचे सभासदत्व मात्र शाबूत आहे.

खरेदी ऐच्छिक करावी, निदान विद्यार्थ्यांना वर्गणीवर छायाचित्रे पाहू द्यावीत, असे पत्र मी चालकांना पाठविले. उत्तरात यंदाच्या वस्तूचे चित्र आले: ‘कात्री-कट्यार’. मुठीच्या दांड्या दाबल्या की पाते दुभंगते आणि आतून दुसरे डोकावते. एकोणिसाव्या शतकात असले प्रकार लढाईपेक्षा हौशी गिऱ्हाइकांसाठीच अधिक घडविले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

चित्राखाली एकच ओळ होती: रक्कम महिनाअखेरपर्यंत भरावी.